नकाराचा मुलूख : कळसूबाई ते नाणेघाट

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीपासून पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरपर्यंत सह्याद्रीची जी मुख्य रांग दक्षिणेकडे सरकत जाते, तिच्या दोन्ही अंगांना पसरलेला टापू हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच आणि अत्यंत दुर्गम डोंगरी मुलूख होय. प्रवरा, मुळा, कुकडी आणि भीमा या नद्या येथेच उगम पावतात. राज्यातील सर्वोच्च शिखर असलेले १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई येथेच आहे. आणि घाटमाथा व कोकण यांना जोडणाऱ्या ज्या वाटांवरून दोन हजार वर्षे व्यापार चालला, त्यांपैकी कित्येक वाटा याच कड्यांवरून खाली उतरतात. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागाला स्थानिक बोलीत ‘डांगाण’ म्हणतात आणि मुसळधार पावसात टिकाव धरणारी डांगी गुरे ही त्या पट्ट्याची जुनी ओळख आहे. महादेव कोळी आणि ठाकर हे येथील प्रमुख आदिवासी समाज. त्यांपैकी महादेव कोळ्यांच्या वस्तीचा प्रदेश ‘बावन मावळे’ या नावाने ओळखला जाई, आणि प्रत्येक मावळावर एक ‘नाईक’, म्हणजे वाटांची व गडांची राखण करणारा आणि त्याबद्दल ठरावीक हक्क घेणारा प्रमुख, असे.

या मुलखाचा इतिहास दोन ठिकाणी साठलेला आहे. एक भाग शिलालेखांत, दफ्तरांत आणि इंग्रजांनी १८८२ ते १८८५ या काळात प्रसिद्ध केलेल्या ठाणे, नाशिक, अहमदनगर व पुणे या जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत, म्हणजे प्रदेशाची सर्वांगीण माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांत आहे; दुसरा भाग शिखरांच्या व जागांच्या नावांत, जत्रांत आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथांत आहे. ही दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचली, की एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. लेखी साधने बहुधा देणाऱ्याची, राज्य करणाऱ्याची आणि शिक्षा ठोठावणाऱ्याची बाजू नोंदवतात, तर कथा राबणाऱ्याची आणि नकार देणाऱ्याची बाजू जपतात. या डोंगरातला नायक बहुतेक वेळा राज्य मिळवून मोठा झालेला नसतो. आपल्याला अमान्य असलेली एखादी गोष्ट करण्याचे त्याने वा तिने नाकारलेले असते, आणि त्या नकाराला डोंगराने आसरा दिलेला असतो.

कळसू आणि तिची अट

सर्वोच्च शिखराला ज्या स्त्रीचे नाव मिळाले आहे, ती राणी नव्हती आणि पुराणातली देवीही नव्हती. कथेनुसार कळसू ही कोळ्यांची मुलगी शिखराच्या उत्तर पायथ्याजवळच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, आणि राहतानाच तिने अट घातली की केर काढण्याचे व भांडी घासण्याचे काम तिला सांगितले जाऊ नये. काही काळ ही अट पाळली गेली. पण एके दिवशी घरात पाहुण्यांची गर्दी झाली आणि तिला भांडी घासायला लावण्यात आले. तिने ते काम केले, पण त्यानंतर ती त्या घरात थांबली नाही. डोंगर चढून गेली आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत वरच राहिली. जिथे तिने भांडी घासली, ती जागा ‘थाळेमेळ’ या नावाने दाखवली जात असे.

या कथेत चमत्कार जवळजवळ नाही. राक्षस नाही, वरदान नाही, युद्धही नाही. आहे तो फक्त मजुरीचा एक करार आणि त्याचा भंग. एका कामकरी मुलीने आपल्या श्रमाला मर्यादा घालावी, ती मर्यादा मोडली जाताच मालकाचे घर सोडावे आणि लोकांनी त्या कृतीला एवढे मोठे मानावे की राज्यातील सर्वांत उंच जागा तिला द्यावी, यात या समाजाची मूल्यदृष्टी स्पष्ट दिसते. आज अकोले तालुक्यातील बारी गावातून लोखंडी शिड्यांच्या वाटेने शिखरावर जाता येते, माथ्यावर तिचे लहानसे देऊळ आहे आणि नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते. देवळात नमस्कार करणाऱ्या प्रत्येकाला तिची अट ठाऊक असतेच असे नाही. म्हणूनच ती कथा शिखराइतकीच जपली पाहिजे.

नाणेघाट : कोणी दिले आणि कोणी खणले

या रांगेच्या दक्षिण भागात, जुन्नरच्या पश्चिमेस, नाणेघाट आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून येणारा माल या घाटाने जुन्नरच्या बाजारपेठेकडे जात असे. घाटाच्या तोंडाशी खडकात खोदलेल्या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेला लेख सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात. अश्वमेध, राजसूय आदी वैदिक यज्ञांची आणि त्या यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, यांची यादी त्यात आहे. या दानांचे आकडे दाखवण्यासाठी वापरलेली चिन्हे भारतातील अंकलेखनाच्या प्राचीन पुराव्यांत गणली जातात, त्यामुळे गणिताच्या इतिहासकारांनाही हा लेख महत्त्वाचा वाटतो.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज तेथे प्रतिमा उरलेल्या नाहीत. वरच्या बाजूस सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका), सातकर्णी, राजकुमार आणि महारठी यांची नावे आहेत आणि खाली काही ठिकाणी पावलांचे तेवढे अवशेष दिसतात. लेण्यापासून थोड्याच अंतरावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाटाने जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते.

या लेखात दान देणाऱ्यांची नावे आहेत; मात्र हा घाट कोणी फोडला याविषयी तेथे एक अक्षरही नाही. ती उणीव लोककथेने भरून काढली. नाना आणि गुणा या दोन भावांत घाट कोण आधी पुरा करतो याची पैज लागली, नानाने ती जिंकली आणि त्याचे नाव घाटाला मिळाले, अशी कथा या भागात सांगितली जाते. घाटाच्या बाजूला उभ्या असलेल्या सुळक्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही, आणि तसा आग्रह धरण्याचेही कारण नाही. परंतु राणीच्या लेखात जागा न मिळालेल्या पाथरवटांना आणि मजुरांना लोकांनी दोन नावे दिली आणि ती दोन हजार वर्षांच्या वाटेला जोडून ठेवली, हे या कथेचे मोल आहे.

हरिश्चंद्रगड : सत्य, अहंकार आणि चार खांब

मुळेच्या खोऱ्याच्या माथ्यावरील हरिश्चंद्रगडाने पुराणकथेलाच आपल्या भूगोलात सामावून घेतले आहे. गडावरील शिखरांना हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास अशी नावे आहेत. राज्य, पत्नी आणि मुलगा गमावूनही असत्य बोलण्यास नकार देणाऱ्या राजाचे सारे कुटुंब अशा रीतीने येथे शिखरांच्या रूपाने उभे आहे. गडाच्या पश्चिमेस कोकणात कोसळणारा अर्धवर्तुळाकार ‘कोकणकडा’ आहे. ढग दरीत असताना आणि सूर्य पाठीशी असताना कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला आपलीच सावली वर्तुळाकार इंद्रधनुष्याच्या मध्यभागी दिसते. या दृश्याला ‘इंद्रवज्र’ म्हणतात आणि कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याची नोंद केली होती.

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापासून खाली उतरले की केदारेश्वराचे लेणे लागते. लेण्याच्या मध्यभागी प्रचंड शिवलिंग आहे आणि त्याच्या चहूबाजूंनी कमरेच्या वर येणारे थंडगार पाणी बारमाही साठलेले असते, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर पाण्यातूनच चालावे लागते. लिंगाभोवती मुळात चार खांब होते. त्यांपैकी आज एकच अखंड उभा आहे. हे चार खांब म्हणजे चार युगे, तीन युगे सरली म्हणून तीन खांब तुटले आणि चौथा तुटेल तेव्हा जगाचा अंत होईल, अशी समजूत सर्वत्र प्रचलित आहे. स्थापत्याचा अभ्यासक खांब कोसळण्याचे कारण दगडातील भेगांत आणि झिरपणाऱ्या पाण्यात शोधील आणि ते योग्यच होईल. परंतु भग्नावशेषाकडे पाहून काळाची कल्पना करणारी ही कथाही निरीक्षणातूनच जन्मलेली आहे.

याच गडाशी चांगदेवांचे नाव जोडलेले आहे. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, वाघावर बसून आणि हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीस आळंदीला निघाले आणि ज्ञानेश्वरादी भावंडे भिंतीवर बसून त्यांना सामोरी गेली, ही कथा मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. त्यांनी पाठवलेल्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. आणि पुढे त्यांनी वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरू मानले, असे वारकरी परंपरा सांगते. लेखी पुरावा मात्र काहीसा वेगळा पेच निर्माण करतो. चांगदेवांचा म्हणून मानला जाणारा, हरिश्चंद्रगडाशी संबंधित ‘तत्त्वसार’ हा मराठी ग्रंथ शके १२३४चा, म्हणजे इ.स. १३१२चा आहे, तर ज्ञानेश्वरांची समाधी इ.स. १२९६ची. भेटीच्या वेळी शेवटास आलेला योगी त्यानंतर सोळा वर्षांनी ग्रंथ पुरा करतो, हे कथेच्या वळणाशी जुळणारे नाही, आणि त्यामुळे चांगदेव या नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती असाव्यात, असाही विचार अभ्यासकांनी मांडला आहे.

तरीही या कथेचा गाभा तारखांवर अवलंबून नाही. चौदाशे वर्षांच्या तपाचा अभिमान एका लहान मुलीपुढे सोडून देणारा माणूस हा या डोंगरातील दुर्मीळ नायक आहे, कारण बाकीच्यांनी दुसऱ्याची सत्ता नाकारली, तर चांगदेवांनी स्वतःचे मोठेपण नाकारले.

नाईक, राजे आणि बंडखोर

सत्तेशी या मुलखाचा संबंध केवळ विरोधाचा नव्हता. येथल्या नाईकांनी राज्येही केली आणि राज्यांची राखणही केली. इगतपुरीजवळच्या मुकणे गावचा जायबा मुकणे हा जव्हार संस्थानाचा मूळ पुरुष. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने जव्हारच्या त्या वेळच्या सत्ताधीशाकडे मागितली, ती कबूल होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांच्या वेढ्यात सारे गाव घेतले, अशी कथा आहे. हीच कथा प्राचीन कार्थेजच्या राणीविषयीही सांगितली जाते, तेव्हा तिला घटनेचा पुरावा मानता येत नाही. राज्य तलवारीपेक्षा हुशारीने मिळाले असे सांगण्याची लोकांची आवड मात्र तिच्यातून कळते. जायबाचा मुलगा निमशाह याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, आणि हे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. १६६४च्या सुरत मोहिमेच्या वेळी शिवाजी महाराज आणि जव्हारचे विक्रमशाह यांची भेट झाली आणि विक्रमशाहांनी महाराजांना शिरपेच अर्पण केला, ती जागा आज शिरपामाळ म्हणून ओळखली जाते.

शिवकाळाची आणखी एक ठळक खूण अकोले तालुक्यातील पट्टागडावर आहे. १६७९ मध्ये जालना लुटून परतताना मोगली फौजेने महाराजांचा पाठलाग केला, तेव्हा हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांनी आडवाटेने त्यांना या गडावर सुखरूप आणले. महाराजांनी तेथे विश्रांती घेतली आणि गडाला विश्रामगड हे नाव मिळाले. बहिर्जींविषयीची लेखी माहिती अत्यंत तुटपुंजी आहे, आणि वेषांतराच्या ज्या असंख्य कथा त्यांच्याभोवती गुंफल्या गेल्या आहेत, त्या बहुधा या तुटपुंजेपणातूनच वाढल्या. हेराचे काम जितके चोख, तितकी त्याची नोंद कमी.

राज्यसत्तेने दिलेल्या शिक्षेची आठवण शिवनेरीवर आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांविरुद्ध कोळ्यांनी उठाव केला. खेमा नाईक या सरनाईकाचे, म्हणजे सर्व नाईकांच्या प्रमुखाचे, नाव त्या उठावाशी जोडले जाते. पकडलेल्या कोळ्यांची ज्या ठिकाणी कत्तल झाली, ते स्थळ ‘कोळी चौथरा’ म्हणून गडाच्या माथ्यावर दाखवले जाते. शिवजन्मस्थान पाहण्यासाठी गडावर येणाऱ्या प्रत्येकाने या चौथऱ्यापाशीही थांबावे, इतके त्याचे महत्त्व आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धातील जावजी बांबळे यांचे चरित्र राजसत्ता आणि डोंगर यांच्यातील देवाणघेवाणीचे उत्तम उदाहरण आहे. वडील हिराजी यांच्यानंतर त्यांचा हुद्दा आपल्याला मिळावा, ही जावजींची मागणी डावलली गेली आणि त्यांनी बंड पुकारले. त्यांच्यावर पाठवलेल्या फौजांना डोंगरातील वाटांचे ज्ञान नव्हते. जावजींना दुसरे काही नसले तरी ते ज्ञान पुरेपूर होते. अखेर तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने समेट झाला आणि राजूर परिसरातील साठ गावांचा अधिकार त्यांच्याकडे सोपवण्यात आला. १७८९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. बंडखोराला मुलखाचा अधिकारी करण्याची ही रीत पेशव्यांच्या कमजोरीची खूण म्हणून पाहता येईल. परंतु ज्याला डोंगर ठाऊक आहे त्याच्याशी तडजोड केल्यावाचून डोंगर राखता येत नाही, ही समजही तिच्यात होती.

राघोजी भांगरे

ही समज १८१८ नंतरच्या राज्यकर्त्यांपाशी नव्हती. पेशवाई संपताच इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या आणि दरवाजे पाडले; गडांची राखण करणाऱ्यांची चाकरी गेली, नाईकांचे हक्क आणि भत्ते कमी झाले, आणि रोख वसुलीमुळे शेतकरी सावकाराच्या दारी जाऊन पडला. १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे आणि रामा किरवा यांच्या नेतृत्वाखाली पहिले मोठे बंड झाले आणि रामा किरवा यांना अहमदनगरला फाशी देण्यात आली. याच रामजींचे पुत्र राघोजी. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८०५ रोजी अकोले तालुक्यातील देवगाव येथे झाला.

राघोजींचे बंड १८४०च्या दशकात नाशिक, अहमदनगर, पुणे आणि ठाणे या चारही जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यांत पसरले. त्यांचा रोख मुख्यतः सावकारांवर होता. कर्जखती जाळली गेली, सावकार लुटले गेले आणि काहींची नाके कापली गेली. गॅझेटियरमध्ये या घटना गुन्ह्यांच्या मालिकेसारख्या येतात, आणि नाके कापण्याची क्रूरता कोणत्याही काळात क्रूरताच ठरते. मात्र त्या खतांवर व्याज कसे चढत गेले आणि जमिनी कशा गेल्या, याचा हिशेब त्याच पानांवर तितक्याच तपशिलाने मिळत नाही. तो हिशेब लोकांनी राघोजींच्या कथेतून सांभाळला. राघोजींचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांच्या आईचा छळ झाला, ही आठवण आजही समाजात सर्वांत तीव्र आहे.

२ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात लेफ्टनंट गेल याने राघोजींना पकडले. वर्षानुवर्षे डोंगराने ज्याला दडवून ठेवले, तो माणूस डोंगर सोडून विठ्ठलाच्या दारी आल्यावर सापडला, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत करुण सत्य आहे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. चोराप्रमाणे फासावर लटकवण्यापेक्षा आपल्याला तलवारीने किंवा बंदुकीने मारावे, अशी मागणी त्यांनी केली होती, असे सांगतात. ही मागणी खरोखर कोणत्या शब्दांत झाली हे ठरवता आले नाही, तरी तिचा अर्थ निःसंदिग्ध आहे: मरण मान्य, पण आपल्याला दिलेले ‘गुन्हेगार’ हे स्थान अमान्य.

राघोजींनंतर प्रश्न तसाच राहिला. १८७०च्या दशकात आंबेगाव भागातील जांभोरीचे होनाजी केंगले, गॅझेटियरमधले ‘होन्या’, यांनी सावकारांविरुद्ध बंड केले. सरकारने त्यांच्यावर एक हजार रुपयांचे इनाम लावले आणि जुलै १८७६ मध्ये मेजर डॅनियल याने त्यांना पकडले. याच सुमारास, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतांची होळी केली आणि दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा उठाव सुरू झाला. त्याच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांना कर्जापासून काहीसे संरक्षण देणारा कायदा झाला. डोंगरातील बंडे आणि मैदानातील दंगे यांची मुळे एकाच जमिनीत होती, आणि सरकारने अखेर कायदा करून तक्रारीतील तथ्य मान्य केले. तोवर राघोजींच्या फाशीला एकतीस वर्षे उलटली होती.

दोन्ही साधनांची गरज

या सगळ्या व्यक्तींना एका माळेत ओवताना त्यांच्यातील भेद पुसता कामा नयेत. कळसू ही कथेतील मुलगी आहे, नागनिका शिलालेखातील राणी आहे, चांगदेव कथा आणि ग्रंथ यांच्या सीमेवर उभे आहेत, तर राघोजी यांच्या अटकेची आणि फाशीची तारीख नोंदलेली आहे. कथेला इतिहास म्हणून खपवणे जितके चुकीचे, तितकेच सरकारी नोंदीला पूर्ण सत्य मानणे चुकीचे. कारण गॅझेटियरमधील कोळ्यांविषयीचा बराच मजकूर कॅप्टन मॅकिंटॉश यांच्यासारख्या लष्करी अधिकाऱ्यांच्या लिखाणावर आधारलेला आहे, आणि बंड मोडण्याचे काम ज्यांच्याकडे होते तेच बंडाचे पहिले इतिहासकार ठरले आहेत. त्यांची तारीखवार शिस्त अमूल्य आहे, पण त्यांच्या दृष्टीची मर्यादाही ओळखली पाहिजे.

सुदैवाने यातील एक बाजू सुरक्षित आहे. गॅझेटियरचे खंड छापील रूपात उपलब्ध आहेत, नाणेघाटाचा लेख वाचून झाला आहे, ‘तत्त्वसार’ अभ्यासकांच्या हाती आहे. दुसरी बाजू मात्र अजून मुख्यतः वृद्ध माणसांच्या तोंडी आहे: बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगे नाचवण्याच्या उत्सवात, भाग घेणारे, कळसूबाईच्या यात्रेला पिढ्यान्‌पिढ्या जाणारे आणि भांगरे, बांबळे, केंगले यांच्या हकिगती आजोबांकडून ऐकलेले लोक हेच तिचे खरे दफ्तर आहे. अकोले, जुन्नर, आंबेगाव, इगतपुरी आणि जव्हार येथील शाळा-महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ही तोंडी परंपरा गावोगाव ध्वनिमुद्रित करून घ्यावी, सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख प्रत्येक नोंदीबरोबर लिहावी, आणि गॅझेटियरमधील त्याच घटनेचे पान तिच्याशेजारी लावावे. हे काम येत्या काही वर्षांतच झाले पाहिजे, कारण ज्यांना या कथा पूर्ण ठाऊक आहेत, ती पिढी आता थकली आहे.